छातीतली कळ कागदावर कशी उतरवायची: हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या शब्दांची नवख्यांसाठी ओळख

मिरजेत वॉनलेस हॉस्पिटल १८९४ मध्ये उभं राहिलं, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झालं. जत, आटपाडी, शिराळा आणि पलीकडं पार अथणी-चिकोडीपर्यंतची माणसं दुखणं घेऊन इथं येतात. इथल्या किंवा सांगलीतल्या एखाद्या हृदयविभागात तुम्ही नव्यानं रुजू झाला असाल, केसपेपर लिहायला, वॉर्डात, विम्याच्या टेबलावर किंवा गावात आशाताई म्हणून, तर पहिले काही दिवस सगळ्यात जास्त दमवतात ते शब्द. समोरचा माणूस म्हणतो, "उरात आवळल्यागत हुतंय." डॉक्टर लिहितात 'अँजायना'. रिपोर्टात येतं 'आरडब्ल्यूएमए'. आणि दारात उभा असलेला मुलगा विचारतो, "म्हणजे अण्णांना झालंय तरी काय?"

हा लेख त्या तिघांच्या मधे उभं राहणाऱ्यासाठी आहे. घरच्या माणसाची फाईल घेऊन फिरणाऱ्यालाही तो उपयोगी पडेल. शब्दांची यादी पाठ करायला घेऊ नका. रुग्ण जे बोलतो तिथून सुरुवात करायची आणि रिपोर्टापर्यंत जायचं. उलट दिशेनं गेलं की चुका होतात.

पायरी १: रुग्णाचा शब्द आधी, जसाच्या तसा

आपल्याकडं दुखण्याला शब्दांची वाण नाही. कळ, चमक, ठणका, जळजळ, आवळ, भरून येणं, दडपण, "छातीवर दगड ठेवल्यागत". यातला प्रत्येक शब्द वेगळी माहिती देतो. श्वास घेताना सुईसारखी चमक येते, ती बऱ्याचदा बरगडीच्या स्नायूंची किंवा फुप्फुसाच्या आवरणाची असते. दडपण आणि आवळ हे शब्द हृदयाकडं बोट दाखवतात. रुग्णानं 'आवळतंय' म्हटलं आणि तुम्ही नुसतं 'छातीत दुखणे' लिहिलं, तर डॉक्टरांना हवी असलेली निम्मी माहिती तुम्ही टेबलावरच पुसून टाकली. म्हणून मुख्य तक्रारीच्या रकान्यात अवतरणचिन्हं टाकून त्याचाच शब्द लिहा. वैद्यकीय संज्ञा नंतर.

सगळ्यात जपायचं ते "गॅस झालाय" या वाक्याला. हे लक्षण नाही, रुग्णानं स्वतःच केलेलं निदान आहे. पित्त, अ‍ॅसिडिटी, "खांदा धरलाय", "पाठीत भरलंय" हेही तसेच. ते कागदावर गेलं की पुढं येणारा प्रत्येक जण त्याच चष्म्यातून बघतो. तेव्हा शांतपणे विचारायचं: "काका, गॅस राहू द्या. तुम्हाला नेमकं काय होतंय आणि कुठं होतंय, ते हात लावून दाखवा." माणूस छातीच्या मधोमध सबंध तळवा किंवा मूठ ठेवतो की एका बोटानं एकच जागा दाखवतो, तेही लिहा. मूठ आवळून छातीवर ठेवणं ही डॉक्टरांना चांगली ओळखीची खूण आहे.

सीमेपलीकडून आलेल्या आजी "एदे नोवु" म्हणतील. कन्नडमध्ये एदे म्हणजे छाती, नोवु म्हणजे दुखणं. एवढे दोन शब्द तरी मिरजेत काम करणाऱ्याला यायलाच हवेत.

पायरी २: कळीला विचारायचे प्रश्न

कधी सुरू झाली? काय करताना? कुठं पसरते? किती वेळ टिकते? कशानं थांबते? बरोबर घाम, मळमळ किंवा धाप आहे का? या उत्तरांवरच पुढचे शब्द ठरतात.

चढ चढताना, ओझं उचलताना किंवा जेवून लगेच चालायला लागल्यावर छाती आवळते, थांबलं की काही मिनिटांत सुटते, जिभेखालच्या गोळीनं बरं वाटतं: ही स्टेबल अँजायना. हृदयाच्या स्नायूला श्रमाच्या वेळी रक्त कमी पडतंय, असा तिचा अर्थ. रक्त कमी पडण्याच्या या अवस्थेला इस्केमिया म्हणतात. तीच आवळ बसल्या जागी यायला लागली, पूर्वीपेक्षा थोड्या श्रमात येऊ लागली किंवा जास्त वेळ टिकू लागली, तर अनस्टेबल अँजायना. इथून पुढं घाई करायची. आणि रक्त इतका वेळ तुटलं की स्नायूचा भाग मरायला लागला, तर मायोकार्डिअल इन्फार्क्शन, कागदावर 'एमआय', लोकांच्या बोलण्यात हार्ट अटॅक. अनस्टेबल अँजायना आणि एमआय मिळून 'एसीएस' म्हणजे अक्यूट कोरोनरी सिंड्रोम.

एमआयचे दोन प्रकार ईसीजीवरून पडतात: 'स्टेमी' आणि 'एनस्टेमी'. स्टेमीमध्ये सहसा हृदयाच्या स्नायूला रक्त पोचवणारी एक वाहिनी, म्हणजे रोहिणी, पूर्ण बंद झालेली असते आणि ती शक्य तितक्या लवकर उघडावी लागते, फुग्यानं किंवा गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शननं. एनस्टेमीमध्ये ईसीजी तसा दिसत नाही, पण रक्तातलं ट्रोपोनिन वाढतं. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. ते वाढायला काही तास लागतात, म्हणून पहिली तपासणी बरोबर आली तरी पुन्हा करायला सांगतात. नातेवाईक "एकदा झालीय की तपासणी" म्हणून चिडले तर हे कारण त्यांना सांगा.

इथं एक गोष्ट संज्ञांच्या आधी येते. छातीत आवळ, दरदरून घाम, डावा हात, जबडा किंवा पाठीकडं जाणारी कळ असं कुणी सांगत असेल, तर फॉर्म बाजूला ठेवा आणि ईसीजी काढायला पाठवा. आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हावा, असं जगभर मानलं जातं. गावात असाल तर १०८. आणि मधुमेही, म्हातारी माणसं आणि बायका यांच्यात ही चित्रातली कळ दिसेलच असं नाही. नुसती धाप, नुसता घाम, नुसतं "हातपाय गळाले" एवढ्यावरही अटॅक येऊन गेलेला असतो. आपल्याकडं घरातली बाई स्वतःच्या छातीतल्या दुखण्याबद्दल शेवटी बोलते. तिला दोनदा विचारा.

पायरी ३: धाप, धडधड, चक्कर, सूज

या चार शब्दांमागं वेगवेगळे आजार लपलेले असतात. नुसता शब्द लिहून पुढं जाऊ नका.

*धाप* म्हणजे डिस्प्निया. ती किती, हे मोजायला चार पायऱ्यांची एक पद्धत आहे, फाईलवर 'एनवायएचए क्लास' असं दिसतं. क्लास १ म्हणजे रोजच्या कामात काही त्रास नाही, क्लास २ म्हणजे नेहमीच्या कामात दम लागतो, क्लास ३ म्हणजे त्याहून कमी कामातही, क्लास ४ म्हणजे बसल्या जागी. हे विचारताना त्यांच्या आयुष्यातलं काम धरा. "मिरज स्टेशनचा जिना एका दमात चढता का?" "विहिरीवरून घरापर्यंत येताना किती वेळा थांबता?" "आंघोळ करताना दम लागतो का?" या प्रश्नांना माणूस नेमकं उत्तर देतो. "श्रमानंतर श्वास लागतो का" याला तो नुसता मान हलवतो.

आडवं झाल्यावर लागणारी धाप म्हणजे ऑर्थोप्निया. तिच्यासाठी एकच प्रश्न पुरतो: "किती उशा घेऊन झोपता?" झोप लागल्यावर तास-दोन तासांनी गुदमरून जाग येणं आणि उठून खिडकीपाशी बसावं लागणं, याला फाईलवर 'पीएनडी' लिहितात. हे दोन्ही शब्द दिसले की डॉक्टर हृदयाची ताकद तपासणार हे समजा.

*धडधड* म्हणजे पाल्पिटेशन. रुग्णाला सांगा, "कशी धडधडते ते टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा." कुणी एकसारखा पण वेगवान ठेका धरेल, कुणाचा मधेच एक ठोका चुकेल, कुणाचा ठेकाच नसेल. एक ठोका चुकणं बऱ्याचदा 'एक्टॉपिक' असतं आणि पुष्कळ निरोगी माणसांतही आढळतं. ठेकाच नसणं म्हणजे कदाचित एट्रियल फिब्रिलेशन. हे साधं टेबल वाजवून घेणं मला फार आवडतं. चार वाक्यांत जे सांगता येत नाही ते बोटं सांगतात.

नाडी विसाव्याला मिनिटाला ६० ते १०० असते. १०० च्या वर टॅकीकार्डिया, ६० च्या खाली ब्रॅडीकार्डिया. पैलवानाची किंवा रोज पळणाऱ्या पोराची नाडी ५० असली तरी ते दुखणं असेलच असं नाही.

*चक्कर* हा सगळ्यात फसवा शब्द. घर फिरल्यागत वाटतं का? मग तो बहुतेक कानाचा किंवा मेंदूचा प्रश्न, व्हर्टिगो. डोळ्यांपुढं अंधारी आली पण पडला नाही? प्रीसिंकोपी. शुद्ध हरपून पडला आणि थोड्याच वेळात आपोआप सावध झाला, आपल्याकडं ज्याला घेरी किंवा झीट म्हणतात? सिंकोपी. काम करताना, पळताना आलेली झीट गंभीर धरायची आणि ती डॉक्टरांच्या लगेच कानावर घालायची. उठून उभं राहिल्यावर येणारी अंधारी वेगळी. उभं राहिल्यापासून ३ मिनिटांत वरचा बीपी २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात.

*सूज* म्हणजे इडिमा. नडगीवर अंगठ्यानं दाबून ठेवा. खळगा पडून राहिला तर 'पिटिंग'. आणि एक पाय की दोन्ही, हे लिहायला विसरू नका. दोन्ही पायांची सूज हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताकडं नेते. एकाच पायाची अचानक आलेली, दुखरी सूज शिरेतल्या गुठळीची असू शकते आणि तिला थांबवून ठेवता येत नाही.

पायरी ४: शब्द कुठल्या गटातला आहे ते ठरवा

नवा शब्द दिसला की अर्थ शोधण्याआधी एवढंच विचारा: हे रुग्णाला जाणवतं, डॉक्टरांना दिसतं किंवा ऐकू येतं, यंत्रानं दाखवलंय, आजाराचं नाव आहे, की केलेला उपचार आहे? पाल्पिटेशन जाणवतं. मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मधला जादा आवाज, डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून ऐकू येतो. एलव्हीएच, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची (निलयाची) भिंत जाड होणं, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसतं. हायपरटेन्शन हा आजार. स्टेंटिंग, म्हणजे रक्तवाहिनीत जाळीची नळी (स्टेंट) बसवणं, हा उपचार.

हे क्षुल्लक वाटेल, पण रोजचे घोटाळे इथंच होतात. योजनेच्या किंवा विम्याच्या अर्जात निदानाच्या रकान्यात कुणीतरी 'छातीत दुखणे' लिहितं, उपचाराच्या रकान्यात 'अँजायना' लिहितं, आणि अर्ज परत येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी असो की खासगी विमा, निदान आणि उपचार हे दोन वेगळे रकाने आहेत आणि ते एकमेकांशी जुळावे लागतात.

पायरी ५: लांब शब्द फोडा

हे लवकर येतं, म्हणून थोडक्यात. *कार्डिओ* हृदय, *मायो* स्नायू, *पेरी* भोवती, *एंडो* आत, *व्हॅस्क्युलर* आणि *अँजिओ* रक्तवाहिनी, *आर्टेरिओ* रोहिणी, *फ्लेबो* शीर, *थ्रॉम्बो* गुठळी, *हायपर* जास्त, *हायपो* कमी. शेवटी *-आयटिस* आलं की दाह, *-पथी* आलं की बिघाड, *-मेगाली* म्हणजे आकार वाढणं, *-स्टेनोसिस* म्हणजे अरुंद होणं, *-ग्राफी* म्हणजे चित्र काढणं, *-प्लास्टी* म्हणजे दुरुस्त करणं, *-एक्टॉमी* म्हणजे काढून टाकणं. आता पेरीकार्डायटिस, कार्डिओमायोपथी, थ्रॉम्बोफ्लेबायटिस स्वतः फोडून बघा.

याच युक्तीनं अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी यांतला फरकही कळतो. ग्राफी म्हणजे रंगद्रव्य सोडून रक्तवाहिन्यांचं चित्र काढलं, बस्स. प्लास्टी म्हणजे फुग्यानं वाट रुंद केली आणि बहुतेक वेळा स्टेंट बसवला. हृदयाच्या रोहिणीची पहिली अँजिओप्लास्टी आंद्रेआस ग्रुएन्टसिश यांनी १९७७ मध्ये झुरिकला केली. "अँजिओ झाली" एवढंच नातेवाईक सांगतात. दोन्हींपैकी कुठली, ते विचारूनच लिहा. पूर्वी स्टेंट बसवलेला आहे की नाही, यावर पुढची कितीतरी औषधं ठरतात.

पायरी ६: जिथं शब्द घाबरवतात

गावाकडं "हार्ट फेल होऊन गेला" म्हणजे माणूस वारला. त्यामुळं फाईलवर हार्ट फेल्युअर वाचलं की घरचे हबकतात, कुणी रडायला लागतं. हा शब्द तुम्हाला नीट समजावता आलाच पाहिजे. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडलेलं नाही. शरीराला लागेल तितकं रक्त पुढं ढकलायला ते कमी पडतंय, म्हणून फुप्फुसात आणि पायात पाणी साचतंय. गोळ्या, मिठावर नियंत्रण आणि रोज वजन तपासणं यांवर माणसं वर्षानुवर्षं चालतीफिरती राहतात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन चढलं तर ते बहुधा पाणी असतं, दवाखान्यात कळवायचं.

हार्ट अटॅक वेगळा: रोहिणी बंद, स्नायूला रक्त नाही, पण हृदय धडधडतंय आणि माणूस सहसा बोलतोय. कार्डिअक अरेस्ट त्याहून वेगळा: हृदय रक्त ढकलायचंच थांबलंय, माणूस बेशुद्ध, हाक मारली तर ओ नाही, नीट श्वास नाही. तिथं त्या क्षणी छातीच्या मधोमध दाब द्यायला लागायचं, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगायचं. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, फेल्युअरही मागं राहू शकतं, पण तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत.

दुसरा भीतीचा शब्द ब्लॉक. एक ब्लॉक रक्तवाहिनीतला: चरबी आणि चुन्याचा थर साचून, म्हणजे अथेरोस्क्लेरोसिस होऊन, वाट अरुंद झालेली. दुसरा ब्लॉक विजेच्या वाटेतला. हृदयाचा ठोका विजेच्या संदेशानं पडतो आणि तो संदेश रेंगाळला किंवा अडला की हार्ट ब्लॉक. ईसीजीवर 'आरबीबीबी', 'एलबीबीबी' किंवा 'फर्स्ट डिग्री एव्ही ब्लॉक' छापून आलं म्हणजे रोहिणी तुंबलीय असं नाही. 'आरबीबीबी' काही धडधाकट माणसांतही सापडतो. 'कम्प्लीट हार्ट ब्लॉक' मात्र गंभीर, त्याला बऱ्याचदा पेसमेकर लागतो. ईसीजी हातात घेऊन "ब्लॉक निघालाय, आता अँजिओ लागणार" असं कुणी म्हणालं तर त्याला खाली बसवा आणि दोन ब्लॉकमधला हा फरक सांगा. नवख्या माणसाच्या हातून होणारी ही मोठी मदत आहे.

एट्रियल फिब्रिलेशन कागदावर 'एएफ', व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन 'व्हीएफ'. एएफमध्ये वरचे कप्पे, म्हणजे अलिंदं, थरथरतात. माणूस चालत ओपीडीत येतो, धोका मुख्यतः गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा. व्हीएफमध्ये खालचे कप्पे, निलयं, थरथरतात आणि शॉक मिळाला नाही तर काही मिनिटांत जीव जातो. फोनवरून निरोप देताना पूर्ण नाव उच्चारा.

झडपांचे दोनच मुख्य बिघाड: नीट उघडत नाही ती स्टेनोसिस, नीट मिटत नाही ती रिगर्जिटेशन, म्हणजे गळती. झडपा चार: मायट्रल, एऑर्टिक, ट्रायकस्पिड, पल्मनरी. म्हणून 'एमएस' म्हणजे मायट्रल स्टेनोसिस, 'एआर' म्हणजे एऑर्टिक रिगर्जिटेशन. हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रोहिणीला महाधमनी म्हणतात, तिची भिंत फुगली तर अन्युरिझम. तिच्या भिंतीचे थर फाटून मधे रक्त शिरलं तर डिसेक्शन, "पाठ फाडल्यागत" अशी एकदम आलेली कळ. डिसेक्शनला तासांचाही हिशेब धरायचा असतो.

पायरी ७: रिपोर्टातले आकडे आणि चांगली-वाईट वाक्यं

टूडी इकोच्या रिपोर्टात लोक आधी 'ईएफ' बघतात. ईएफ ६०% दिसलं की चेहरा उतरतो: "म्हणजे ४०% हार्ट गेलं?" नाही. ईएफ म्हणजे डाव्या निलयात जमलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात बाहेर पडणारा भाग, आणि निरोगी हृदयही कधी पूर्ण रिकामं होत नाही. घागरीतून ओतलं तरी तळाशी थोडं पाणी ठेवूनच ती सरळ करावी, तसं. साधारण ५५ ते ७०% ईएफ चांगलं असतं. ४०% किंवा त्याखाली गेलं तर ताकद कमी झाली असं धरतात. मधलं ते 'माइल्डली रिड्यूस्ड'. शाळेतल्या गुणांसारखं हे १०० पैकी बघायचं नाही, हे प्रत्येक घराला सांगावं लागतं आणि सांगण्यात कंटाळा करू नये. दुसऱ्या बाजूनं, ईएफ चांगलं असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं. तेव्हा "ईएफ ६० आहे, म्हणजे काहीच नाही" हेही तुम्ही बोलू नका.

'सायनस ऱ्हिदम' वाचून नाकाच्या सायनसचं औषध शोधणारेही भेटतात. इथला सायनस म्हणजे उजव्या अलिंदातला सायनस नोड, जिथून ठोक्याचा संदेश निघतो. 'नॉर्मल सायनस ऱ्हिदम' हे आनंदाचं वाक्य आहे.

'नो आरडब्ल्यूएमए' हेही चांगलं: हृदयाच्या भिंतीचा कुठलाही भाग हालचालीत मागं पडलेला नाही. 'ट्रिव्हियल टीआर', म्हणजे ट्रायकस्पिड झडपेतून नावापुरती गळती, पुष्कळ निरोगी माणसांत असते. पट्ट्यावर चालवून करायच्या टीएमटीत 'पॉझिटिव्ह' ही वाईट बातमी आणि 'नेगेटिव्ह' ही चांगली. शाळेत शिकलेल्या अर्थाच्या बरोबर उलट, म्हणून निकाल सांगताना हे शब्द घरच्यांसमोर उघडे टाकू नका. चांगला आहे की पुढची तपासणी लागेल, ते डॉक्टरांकडूनच साध्या मराठीत सांगून घ्या.

अँजिओग्राफीच्या रिपोर्टात चार नावं कायम येतात. 'एलएडी' डाव्या बाजूची पुढून उतरणारी, 'एलसीएक्स' डाव्या बाजूनं वळून मागं जाणारी, 'आरसीए' उजवी. पहिल्या दोघी जिथून फुटतात तो खोडाचा भाग 'लेफ्ट मेन'. मोठ्या रोहिण्यांत ७०% आणि त्याहून जास्त अरुंद झालं तर ते महत्त्वाचं धरतात, लेफ्ट मेनमध्ये ५०% पासूनच. '१०० टक्के, सीटीओ', म्हणजे जुना, पूर्ण अडथळा, असं लिहिलेलं असूनही माणूस समोर चहा पीत बसलेला असतो. वाट हळूहळू बंद झाली की आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होऊन रक्त पोचवतात, त्यांना कोलॅटरल म्हणतात. तिन्ही रोहिण्यांत अडथळे असतील तर 'ट्रिपल व्हेसल डिसीज', आणि त्यानंतर बऱ्याचदा येणारा शब्द 'सीएबीजी', म्हणजे बायपास.

बीपीचं थोडक्यात. वरचा आकडा सिस्टॉलिक, हृदय आवळतं तेव्हाचा दाब, आणि खालचा डायस्टॉलिक, ते सैल पडतं तेव्हाचा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त येत राहिला तर हायपरटेन्शन. बस धरून धावत आलेल्या माणसाचा बीपी लगेच घेऊ नका. पाच मिनिटं टेकून बसू द्या, हात छातीच्या उंचीवर ठेवा. "मला बीपी आहे" म्हणजे वाढलेला की कमी, तेही विचारून लिहा. राग आला की बीपी असतो, एरवी नसतो, ही समजूत फार खोल आहे. बहुतेकांना वाढलेला बीपी जाणवतच नाही.

पायरी ८: पायांकडं बघायला विसरू नका

रक्तवाहिन्यांचे आजार म्हटलं की सगळे छातीकडं बघतात. हळदीच्या पेठेतला हमाल सांगतो, "शंभर पावलं चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो, परत चाललं की परत येतो." हे म्हातारपण नव्हे, क्लॉडिकेशन आहे: पायाच्या रोहिण्या अरुंद होऊन श्रमात स्नायूला रक्त कमी पडणं. किती अंतरावर गोळा येतो तो आकडा लिहा, आजार वाढतोय का ते त्यावरून कळतं. आजाराचं नाव पेरिफेरल आर्टरी डिसीज, कागदावर 'पीएडी'. घोट्याचा आणि दंडाचा दाब मोजून त्यांचं प्रमाण काढतात, 'एबीआय'. ते ०.९ च्या खाली असेल तर पीएडी धरतात. बिडी ओढणाऱ्या तरुण माणसाची पायाची बोटं काळी पडायला लागली, तर बर्जर डिसीज हा शब्द फाईलवर येऊ शकतो. त्यावरचा पहिला उपचार तंबाखू पूर्ण बंद करणं हाच, कमी करून भागत नाही.

शिरांचं वेगळं. दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या पायावर निळसर, वळणावळणाच्या शिरा फुगतात, त्या व्हेरिकोज व्हेन्स. आतल्या खोल शिरेत गुठळी झाली तर डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, 'डीव्हीटी'. ती गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर पल्मनरी एम्बोलिझम. ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळलेला, बाळंत झालेली किंवा लांबचा प्रवास करून आलेला माणूस एका पायाच्या सुजेसोबत अचानक धाप सांगत असेल, तर रांगेत बसवायचं नाही.

पायरी ९: लहान मुलं

"हृदयाला छिद्र आहे" म्हणून आलेल्या मुलाच्या कागदावर बहुधा 'एएसडी' म्हणजे दोन अलिंदांमधलं छिद्र, किंवा 'व्हीएसडी' म्हणजे दोन निलयांमधलं छिद्र असतं. काही लहान व्हीएसडी वाढत्या वयात आपोआप बुजतात, हे आईला डॉक्टरांकडून ऐकवा. तिची पहिली रात्र तरी नीट जाईल. ओठ-नखं निळी पडणं म्हणजे सायनोसिस. रडताना मूल निळं होतं किंवा खेळताखेळता उकिडवं बसतं, असं कुणी सांगितलं तर ते ठळक अक्षरात लिहा. शाळा-अंगणवाडीत मुलं तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची चिठ्ठी असेल तर ती फाईलला जोडा, पुढची मदत त्या वाटेनं मिळते.

थोड्या मोठ्या मुलांमध्ये ऱ्हुमॅटिक फीव्हर. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप आणि एका सांध्यातून दुसऱ्यात सरकणारी सूज. सांधे बरे होतात, हृदयाच्या झडपा मात्र खराब होऊ शकतात. म्हणून दर ३ किंवा ४ आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं देतात. "आता दुखत नाही, कशाला सुई" म्हणून ते बंद करणाऱ्या घरांना गाठणं हे आशाताईंचं काम आहे. ते काम फार मोलाचं आहे.

पायरी १०: आद्याक्षरं आणि घरी जातानाचं कार्ड

आद्याक्षरांत दगा असतो. 'पीई' म्हणजे पल्मनरी एम्बोलिझम की पेरीकार्डिअल इफ्युजन, म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीतलं पाणी? 'एव्हीआर' हे ईसीजीच्या एका लीडचं नाव आहे आणि एऑर्टिक झडप बदलण्याच्या ऑपरेशनचंही. हृदयविभागातलं 'एमएस' मेंदूविभागात गेलं की दुसराच आजार होतो. म्हणून रुग्णाला दुसऱ्या विभागात किंवा दुसऱ्या गावी पाठवायच्या चिठ्ठीवर पूर्ण नावं लिहा. अंदाजानं कधीही लिहू नका, डॉक्टरांचं अक्षर लागत नसेल तर उठून विचारा.

घरी सोडताना कार्डावरचे तीन शब्द तरी रुग्णाला आणि घरातल्या एका माणसाला समजलेत का ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. स्टेंटनंतरच्या दोन अँटिप्लेटलेट गोळ्या, ज्यांना सगळे 'रक्त पातळ करायच्या गोळ्या' म्हणतात, त्या किती महिने घ्यायच्या ते कार्डावर असतं. दात काढायचाय म्हणून त्या स्वतःहून थांबवायच्या नाहीत, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. पाण्याची गोळी म्हणजे डाययुरेटिक, ती पोट साफ करायची नाही. आणि कृत्रिम धातूची झडप बसवलेल्या माणसाच्या कार्डावर 'आयएनआर' असतं. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं ते माप. त्या माणसाचा आयएनआर किती ते किती असावा, मागच्या वेळी किती आला आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेला, हे तिन्ही मराठी आकड्यांत, मोठ्या अक्षरात, कार्डाच्या पहिल्याच पानावर लिहून द्या.